शब्द बदला, पण जुन्या नोंदीला हात लावू नका

जुनी दप्तरं, शाळांची जनरल रजिस्टरं, शंभर वर्षांपूर्वीची पुस्तकं टाइप करून नेटवर चढवणारी हौशी मंडळी पुण्यात कमी नाहीत. काम मोलाचं आहे. पण जातीजमातींची जुनी नावं टोचतात म्हणून टाइप करतानाच ती 'सुधारून' टाकायची, ही खोड मात्र वाईट.

नावं बदलतात, बदलायलाच हवीत. याच शहरात बघा. फुल्यांनी 'शूद्रातिशूद्र' लिहिलं, विठ्ठल रामजी शिंद्यांनी 'निराश्रित'. २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे करारात इंग्रजीत 'डिप्रेस्ड क्लासेस' आहे, आणि पाच महिन्यांच्या आत गांधींचं 'हरिजन' साप्ताहिक पुण्यातूनच निघालं. १९३५च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आलं. 'हरिजन' हे नाव कायद्यात नको म्हणून १९३८मध्ये आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई विधानसभेत सभात्याग केला. पुढे १९७२मध्ये दलित पँथर या संघटनेनं 'दलित' हा शब्द छाती पुढे काढून वापरला. २०१८मध्ये केंद्रानं वाहिन्यांना तो टाळून 'अनुसूचित जाती' म्हणायला सांगितलं. मला तो सल्ला पटत नाही. एक सरकारी यादी आहे, दुसरी लोकांनी स्वतः घेतलेली ओळख.

आता जुन्या नोंदींचं. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि पडताळणी मानीव दिनांकावर, म्हणजे त्या-त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेवर चालते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा कागद लागतो: शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यूची नोंद), महसुली नोंद. कागद जितका जुना तितकं वजन जास्त. टाइप केलेली प्रत पुरावा नसते हे खरं, पण मूळ पान सापडतं ते तिच्यामुळेच. तुम्ही 'मांग' खोडून 'मातंग' केलंत, तर पणजोबांच्या नावापुढचा शब्द शोधणाऱ्याला ते पान सापडणारच नाही. १८७१च्या कायद्यानं 'गुन्हेगार जमाती' असा शिक्का मारला, ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला आणि ते 'विमुक्त' झाले. शिक्का घृणास्पदच होता. म्हणून तो खोडला, तर तो कुणावर मारला होता हेही पुसलं जातं.

खरा घोळ संक्षेपांचा. 'कु.' जातीच्या रकान्यात असेल तर 'कुणबी', मुलीच्या नावाआधी असेल तर 'कुमारी'. सगळीकडे एका झटक्यात 'शोधा आणि बदला' केलं की दोन्हींची खिचडी. 'म.' तर त्याहून अवघड. मराठा, महार, माळी, काहीही असू शकतं. अंदाजानं संक्षेप फोडू नका. एका अक्षराचं वजन बघायचं तर 'धनगर' आणि 'धनगड' आठवा. जमातींच्या यादीत 'ओरांव, धनगड' आहे, तो 'धनगड' म्हणजेच 'धनगर' का, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दोन्ही एकच म्हणणाऱ्या याचिका फेटाळल्या. यादी बदलायचा अधिकार फक्त संसदेला.

म्हणून दोन रकाने करा. पहिल्यात मूळ नोंद, मात्रा-वेलांटीसकट, चुकीसकट. दुसऱ्यात आजचं नाव, तेही खात्री असेल तरच. शेजारी वर्ष, पान क्रमांक, पानाचा फोटो. मोडी वाचताना शंका आली तर प्रश्नचिन्ह टाका, त्यात कमीपणा नाही. शोध दोन्ही रकान्यांत चालला पाहिजे.

प्रस्तावनेत, टिपांत, बातमीत मात्र आजचंच नाव, आणि ते त्या समाजानं घेतलेलं. कातकऱ्यांना 'आदिम' म्हणणं सोडा. केंद्रानंच २००६मध्ये तो इंग्रजी 'प्रिमिटिव्ह' काढून 'विशेष असुरक्षित' अशा अर्थाचं नाव घेतलं, मराठी कागदांवर मात्र 'आदिम' अजून फिरतोय. 'नवबौद्ध'मधला 'नव' अनेकांना खटकतो, तेव्हा माणसाबद्दल लिहिताना 'बौद्ध' लिहा. सरकारी योजनेच्या नावात 'नवबौद्ध' असेल तर तिथे तसंच राहू द्या, नाहीतर अर्ज भरणाऱ्याला योजनाच सापडायची नाही.