एका वर्षाचं उत्पन्न

बुडापेस्टमध्ये 5000 फोरिंटची नोट काढली की एक चेहरा हातात येतो, काउंट इश्तवान सेचेनी. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीवरून आमच्या फॅमिली ग्रुपवर भांडणं पेटली होती, जून संपता संपता सरकारने जीआर मागे घेतले पण भांडणं काही थांबली नाहीत, आणि ते सगळं मी ट्रॅममध्ये वाचायचो, खिडकीबाहेर त्याच सेचेनीने हंगेरियन भाषेसाठी उभी केलेली अकॅडमी.

1825 ची गोष्ट. तेव्हा हंगेरीची संसद पोझोनीत म्हणजे आताच्या ब्रातिस्लाव्हात भरायची, कामकाज लॅटिनमध्ये, आणि हंगेरियन भाषा मागे पडतेय म्हणून सगळे तळमळून बोलत होते. एक सदस्य उठून म्हणाला की भाषेसाठी पैसा लागतो. तेव्हा सेचेनी, 34 वर्षांचा घोडदळातला कॅप्टन, उठला आणि या अकॅडमीसाठी जमिनींचं एका वर्षाचं अख्खं उत्पन्न देऊन टाकलं, 60 हजार फोरिंट. लगेच आणखी तिघांनी रक्कम जाहीर केली. मला सगळ्यात भिडतं ते हे की त्याचं स्वतःचं हंगेरियन कच्चं होतं, डायरी तो जर्मनमध्ये लिहायचा! घरातच होतं म्हणा हे, वडील फेरेन्त्स यांनी 1802 मध्येच आपला पुस्तकांचा, नकाशांचा, नाण्यांचा संग्रह देशाला दिला होता, राष्ट्रीय ग्रंथालय त्यातूनच झालं.

पण पुढचं कुणी सांगत नाही. 1842 मध्ये त्याच अकॅडमीत तो उभा राहून म्हणाला की स्लोव्हाक, क्रोएट लोकांवर हंगेरियन लादू नका, जबरदस्तीने माणूस आपला होत नाही. त्याचेच हंगेरियन लोक भयंकर चिडले त्याच्यावर.

म्हणून आपल्याकडे रिक्षावाल्याला धरून मराठी बोलायला लावल्याचे व्हिडिओ आले की मला खूप वाईट वाटतं. हिंदीच्या सक्तीला माझाही विरोधच होता, मग आपणच सक्ती कशी करायची? अभिजात दर्जा 2024 मध्ये मिळाला, फटाके वाजवले, पण गावच्या वाचनालयात नवीन पुस्तक शेवटचं कधी आलं हे ग्रुपवर एकालाही सांगता आलं नाही.

मी या महिन्याचा पगार त्या वाचनालयाला पाठवतोय. ग्रुपवर लिहिलंय तसं, अजून तिघं हवेत.