थर्मोपिलीचे ते सातशे

जिमच्या भिंतीवर लाल अंगरख्यातला स्पार्टन आणि खाली '३००' हा आकडा दिसला की माझं डोकं सटकतं. स्पार्टनांशी माझं वैर नाही, ते मर्दासारखे लढले आणि मेले. पण इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजेला अडवताना ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत शेवटच्या सकाळी फक्त तीनशे जण उरले होते, ही शुद्ध थाप आहे आणि आपण ती बिनदिक्कत फॉरवर्ड करतो.

त्या सकाळी स्पार्टाचा राजा लिओनिडास याच्याबरोबर थेस्पिया नावाच्या छोट्या ग्रीक नगराचे सातशे जण होते. सातशे! स्पार्टनांच्या दुपटीहून जास्त.

आदल्या रात्री काय झालं ते ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने झकास लिहून ठेवलंय. एफियाल्टीस नावाच्या तिथल्याच माणसाने बक्षिसाच्या लोभाने इराणी बादशहा झर्क्सिसला डोंगरातली आडवाट सांगितली. इराणी सरदार हायडार्निसची निवडक पलटण रात्रभर चढत राहिली. वर वाट राखायला ग्रीकांच्या बाजूचे, फोकिस प्रांताचे हजार जण बसलेले. ओकची झाडी, वारा पडलेला. शत्रू आलाय हे त्यांना कशावरून कळलं, तर पायाखाली वाजणाऱ्या पाल्यावरून. धावपळ करत त्यांनी शस्त्रं चढवली, बाण यायला लागले तसे ते वरच्या टेकाडावर सरकले, आणि इराणी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता खाली उतरले.

वेढा पडणार हे कळल्यावर लिओनिडासने बहुतेक तुकड्यांना परत पाठवलं. स्पार्टनांना जाणं शक्य नव्हतं. राजा सोबत, आणि रण सोडायचं नाही हा त्यांचा कायदाच. थेस्पियावाल्यांवर असली कसलीच सक्ती नव्हती. डेमोफिलस त्यांचा म्होरक्या. तुम्हाला सोडून जाणार नाही म्हणाले आणि थांबले. थीब्ज या ग्रीक नगराचे चारशेही थांबले, पण त्यांना ओलीस म्हणून ठेवून घेतलं होतं आणि शेवटी ते शरण गेले, असं हेरोडोटस म्हणतो. (हा गडी थीब्जवर खार खाऊन होता, अशी तक्रार पुढे प्लुटार्क या ग्रीक लेखकाने केली. प्लुटार्क स्वतः थीब्जच्याच बिओशिया प्रांतातला, त्यामुळे दोघांचंही जरा जपूनच घ्यावं.)

आता हिशेब बघा. स्पार्टाकडे तेव्हा आठ हजारांच्या आसपास लढवय्ये होते. त्यांतले तीनशे पाठवले, तेही घरी मुलगा असलेले, म्हणजे वंश बुडायला नको. बाकीचे कार्नियाचा सण उरकून येणार होते. थेस्पियाकडे राखीव असं काय होतं? पुढच्या वर्षी इराण्यांविरुद्ध प्लाटियाच्या लढाईत त्यांचे अठराशे जण आले, पण जड ढाल-चिलखताशिवाय. ते परवडणारी घरं थर्मोपिलीतच रिकामी झाली असणार, असं मला वाटतं. दरम्यान झर्क्सिसने त्यांचं नगरही जाळून टाकलं होतं. लोक आधीच दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीसला पळाले होते म्हणून वाचले.

आपल्याकडे थर्मोपिलीची गाठ हटकून पावनखिंडीशी घालतात. घाला की. पण बाजीप्रभूंचं नाव घेताना आपण बांदलांना विसरत नाही, मग डेमोफिलसची माणसं का विसरायची?

लढाईनंतर झर्क्सिसने आपल्या आरमारातल्या लोकांना खिंडीत बोलावून प्रेतं दाखवली. बघणाऱ्यांना वाटलं, हे सगळे स्पार्टन आणि थेस्पियन. म्हणजे शत्रूच्या खलाशांनाही थेस्पियाचं नाव ठाऊक होतं! त्या प्रेतांत हेलटही होते, म्हणजे स्पार्टनांच्या जमिनी कसणारे त्यांचे गुलाम. त्यांचा आकडा कोणी दिलेला नाही. 'स्वातंत्र्यासाठी लढलेले तीनशे' असं लिहिताना निदान यांची तरी आठवण ठेवा.

तिथे कोरलेले जे लेख हेरोडोटसने उतरवून घेतले, त्यांत थेस्पियाचा एकही नाही. लिओनिडासचं आजचं स्मारक १९५५ चं, थेस्पियन लोकांचं त्याच्या शेजारी उभं राहायला १९९७ साल उजाडलं.

आणि इराणी गेल्यावर तरी सुख लागलं का? इ.स.पू. ४२४ मध्ये हेच थेस्पियन थीब्जच्या बाजूने अथेन्सविरुद्ध डेलियमला लढले आणि त्यांची तरुण पिढी पुन्हा कापली गेली. पुढच्याच वर्षी, तुम्ही अथेन्सला फितूर आहात असा ठपका ठेवून थीब्जने त्यांच्या नगराचा तट पाडून टाकला. अडवायला माणसंच उरली नव्हती.