बेडूकवाल्यांची सही

आमच्याकडच्या एका प्रोफेसरांनी मागच्या वर्षी स्वतःचं काम एकशे तीन टक्के भरून दिलं. मी फोन केला. म्हटलं, शंभरच्या वर जाता येत नाही हो. ते म्हणाले, "पण मी गेलोय."

मी ओहायोतल्या एका छोट्या विद्यापीठात नोकरी करते. चहूकडे मका, मधोमध आम्ही. माझं ऑफिस म्हणजे अडीच माणसं: साहेबीणबाई, मी, आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा एक विद्यार्थी. सरकारकडून संशोधनाला ग्रँट आली की ती नीट खर्च होते का, हे आम्ही बघतो. त्यातला मोठा खर्च पगाराचा. आणि ग्रँटमधून पगार घेतलात तर तेवढं काम त्या ग्रँटचंच केलंत, हे दाखवावं लागतं. त्याला म्हणतात एफर्ट रिपोर्टिंग.

हे मी कराडला आईला फोनवर समजावून सांगत होते.

"अगं, म्हणजे मस्टर," आई म्हणाली. बाबा जिल्हा परिषदेत होते. लेटमार्क, लाल शाई, सगळं आमच्या घरानं पाहिलेलं.

"मस्टर नाही गं. मस्टर निदान कधी आलात ते विचारतं. इथे तास कुणी विचारतच नाही. आठवड्याला साठ तास राबा, ते शंभर टक्के. पंचवीस तास करा, तेही शंभरच. त्या शंभराचे वाटे किती, ते सांगायचं. शिकवण्यात साठ, ग्रँटवर तीस, मीटिंगांत दहा."

"म्हणजे आळशी माणसाचेही शंभर?"

"हो."

"आणि मी पहाटे पाचला उठते, त्याचेही शंभर?"

"हो."

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "हे तुझ्या बाबांना सांगू नकोस."

तर आमची वर्षानुवर्षांची सिस्टीम म्हणजे एक एक्सेल शीट. सेमिस्टर संपलं की मी ती छापायची, प्रत्येकाचा कागद त्याच्या खणात टाकायचा आणि वाट बघायची. कागद परत येत, पण त्यांच्यावर बऱ्याच गोष्टी गुजरलेल्या असत. कॉफीच्या कपाचं गोल तर ठरलेलंच. एकावर टक्क्यांच्या रकान्यात 'पुष्कळ' असं लिहिलेलं होतं. एकशे तीनवाल्या प्रोफेसरांचा कागद नेहमी ओला. त्यांचं संशोधन बेडकांवर आहे आणि टेबल टाकीच्या शेजारी.

याच बेडूकवाल्यांनी आमचा घात केला. वर्षभर सुटीवर जाताना त्यांनी भला विचार केला, की पोरीला उगाच त्रास नको. म्हणून पुढच्या दोन सेमिस्टरांच्या कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून ठेवल्या, आणि वर तारखाही त्याच दिवसाच्या टाकल्या. माणूस प्रामाणिक, त्याला इलाज नाही. ऑडिटरनं फाईल उघडली, एक कागद वर काढला आणि मला अगदी मायेनं विचारलं, "हे काम झाल्याचं यांनी काम व्हायच्या आधीच प्रमाणित केलंय का?"

अहवालात ठपका आला. साहेबीणबाईंचा चेहरा उतरला, आणि तो उगाच नव्हे. या विषयात मोठमोठी घराणी बुडालेली आहेत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं २००३ मध्ये ५५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. येलनं २००८ मध्ये ७६ लाख. तिथल्या आरोपांत एक असा होता, की काही संशोधकांनी उन्हाळ्याचा शंभर टक्के वेळ सरकारी ग्रँटवर दाखवला आणि त्यातला काही भलतीकडेच घालवला. यात लागतो तो कायदा १८६३ चा, लिंकनच्या सहीचा. यादवी युद्धात सैन्याच्या गळ्यात वाईट माल मारणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला. नुकसानीच्या तिप्पट वसुली होते. ठेकेदारांसाठी शिवलेला अंगरखा दीडशे वर्षांनी प्रोफेसरांना बरोबर बसला.

मग ठरलं, सिस्टीम घ्यायची. समिती नेमली. आयटीचे एक, पगाराचे एक, एचआरच्या बाई, हिशेब सांभाळणारे कंट्रोलरसाहेब, डीनच्या वतीनं डीनचीच सेक्रेटरी, आणि चहापाण्यासह सर्व कामांना मी. पहिल्या मीटिंगमध्ये प्रकल्पाला नाव काय द्यायचं ते ठरलं. दुसऱ्या मीटिंगमध्ये ते बदललं.

डेमो सुरू झाले. पहिली कंपनी मोठी होती. पडद्यावर एक काल्पनिक डॉक्टरबाई आल्या. त्यांचं काम पन्नास, पंचवीस, पंचवीस. या बाई दरवर्षी वेळेवर लॉगिन करतात, टक्के तपासतात, हिरवं बटण दाबतात. मला त्यांना आमच्याकडे नोकरीच द्यावीशी वाटली.

मी विचारलं, "आणि प्रोफेसरांनी लॉगिनच केलं नाही तर?"

"आपोआप रिमाइंडर जातो."

"तोही वाचला नाही तर?"

"विभागप्रमुखांना जातो."

"विभागप्रमुख तेच आहेत."

विक्रेता जरासा थांबला. "मग डीनना."

"डीनचा स्वतःचाच कागद दोन सेमिस्टर बाकी आहे," असं डीनची सेक्रेटरी वहीतून मान वर न करता म्हणाली.

किंमत ऐकल्यावर कंट्रोलरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. आमच्याकडे ग्रँटा एकोणीस. त्यांवर पगार घेणारी माणसं एकतीस, त्यातली चार पोरं उन्हाळ्यापुरती. नाकापेक्षा मोती जड, तोही दरवर्षी भाड्यानं. शिवाय हा खर्च कुठल्या एका ग्रँटवर टाकता येत नाही, तो आडखर्चात जातो, म्हणजे वीज, इमारत, ऑफिसं अशा सगळ्यांच्या सामाईक खर्चात. आणि विद्यापीठांना आडखर्चातल्या कारभाराच्या वाट्यावर सरकारनं १९९१ पासून २६ टक्क्यांचं झाकण लावून ठेवलंय. त्यावर उतू गेलं की पदरमोड. "आपण कधीचे उतू गेलोय," कंट्रोलरसाहेब म्हणाले आणि चष्मा परत लावला.

दुसरा पर्याय, आमच्याच पगाराच्या सिस्टीममध्ये म्हणे ती सोय होतीच, फक्त 'चालू करायची' होती. चालू करायला सल्लागार, सल्लागाराला आठ महिने. तिसऱ्याबद्दल न लिहिलेलं बरं. त्याचा डेमो चालू असतानाच बंद पडला.

अशा अवस्थेत एका शनिवारी मी जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. नियम वाचला. २०१३ च्या डिसेंबरात सरकारनं जुनी परिपत्रकं गुंडाळून एकच मोठी नियमावली आणली. तिच्यातलं कलम २००.४३०. वाचते तर काय, ज्या कागदापायी आम्ही जीव टाकत होतो, तो असा असाच हवा म्हणून कुठे लिहिलेलंच नाही. उलट विद्यापीठात शिकवणं, संशोधन आणि कारभार एकमेकांत असे गुंतलेले असतात की काटेकोर मोजमापाची अपेक्षाच नाही, हे सरकारनं आपणहून कबूल केलंय. त्यांचं म्हणणं एवढंच, की पगाराच्या नोंदी झालेल्या कामाशी जुळाव्यात, त्यांवर तुमचा आतला वचक असावा, आणि बजेटात आधी धरलेले आकडे तसेच पुढे ढकलू नका, काम झाल्यावर कुणीतरी तपासा.

म्हणजे वीस वर्षं आम्ही बेडूकवाल्यांकडून जी अचूकता मागत होतो, ती सरकारलाही नको होती.

पुढे शोधलं तर आणखी सापडलं. जॉर्ज मेसन, मिशिगन टेक आणि कॅलिफोर्नियाची अर्वाइन व रिव्हरसाइड, या चार विद्यापीठांनी वेगळाच प्रयोग करून पाहिला होता. माणसामाणसाचे टक्के विचारायचेच नाहीत. वर्षातून एकदा ग्रँटच्या मुख्य प्रोफेसरांपुढे त्या ग्रँटवर पगार घेतलेल्यांची यादी ठेवायची आणि विचारायचं, हे पैसे झालेल्या कामाला धरून आहेत ना? त्यावर सही.

सोमवारी मी हे समितीला सांगितलं. यादी पगाराच्या सिस्टीममधून आजही निघते. ऑनलाइन सहीची सोय आपल्याकडे आहेच. कोणी, कधी, काय तपासायचं हे दोन पानांत लिहून काढू.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आयटीचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे सॉफ्टवेअर घ्यायचंच नाही?" त्यांचा आवाज ऐकून मलाच वाईट वाटलं. बिचाऱ्यांनी प्रकल्पाचा लोगो करून आणला होता.

तर अशी सहा महिन्यांनी आमची सिस्टीम ठरली, आणि पहिलीच यादी निघाली ती बेडूकवाल्यांची. त्यांच्या ग्रँटचं वर्ष मार्चअखेर संपतं. ईमेल तीन गेल्या. फोन टाकीशेजारी वाजत असणार. शेवटी त्यांच्या विद्यार्थिनीनं सांगितलं, की एप्रिलभर सर संध्याकाळी तळ्यावरच असतात, तिथेच गाठा.

गेले. पायात उसने गमबूट, हातात टॅब्लेट. अंधार पडत आला होता आणि तळं नुसतं किंचाळत होतं. इथला तो बेडूक अंगठ्याच्या नखाएवढा, पण हजारभर एकदम ओरडायला लागले की लग्नाच्या वरातीतला बँड बरा. बेडूकवाले चिखलात उभे राहून मोजत होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी बोट वर केलं. पाच मिनिटं मी तशीच उभी. डास आपापलं काम शंभर टक्के करत होते.

मोजणी झाली. त्यांनी टॅब्लेट घेतला, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात एकेक नाव वाचलं. त्यांचा स्वतःचा उन्हाळ्याचा एक महिना. विद्यार्थिनीचं वर्ष. मग थबकले.

"ही मुलगी फेब्रुवारीत माझ्याकडे नव्हती. रसायनवाल्यांकडे होती."

मी पाहिलं. खरंच, फेब्रुवारीचा पगार चुकून यांच्याच खात्यावर चालू राहिला होता. गेल्या सेमिस्टरांच्या रंगीत एक्सेलमध्ये असल्या किती चुका सुखानं नांदल्या असतील, त्याचा मी त्या चिखलात विचार केला नाही. म्हटलं, उद्या दुरुस्त करून परत आणते, मग सही करा.

"इथेच ये," ते म्हणाले. "साडेसातनंतर." मग माझ्या बुटांकडे बघत विचारलं, "तुझी ही संध्याकाळ कुठल्या खात्यावर?"

"आडखर्चात. सव्वीसच्या वर."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे ते एकशे तीन होते ना, त्यातल्या वरच्या तिनात."

त्यांना ते पटलेलं दिसलं. त्यांनी पुन्हा बोट वर केलं, आणि मी गप्प उभी राहिले.