दोन इंचांचा हिशेब

वादळ सुटलंय. एक माणूस घरासमोर भांबावून उभा आहे. मागची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते, आणि माडीची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते. तो जसाच्या तसा उभा! ही रील दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी फिरवतंच, आणि खाली "जिवावर उदार झालेला वेडा" छापाच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. मूकपटांच्या काळातला हा विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटन वेडा नव्हता. तो सुताराच्या डोक्याचा माणूस होता. त्याचं कौतुक करायचंच असेल तर धाडसाचं नको, मोजमापाचं करा.

शॉट 1928च्या 'स्टीमबोट बिल, ज्युनियर'मधला. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला नदीकाठी सेट उभारला होता. भिंतीचा सांगाडा आधी जमिनीवर आडवा टाकला आणि खिडकी कीटनच्या अंगाच्या मापाने बांधली. दोन्ही खांद्यांना 2-2 इंच मोकळे, डोक्यावर 2 इंच, टाचांपाशी 2 इंच. टाचा जिथे येणार तिथे जमिनीत मोठे खिळे ठोकले. मग सांगाडा उभा करून त्यावर फळ्या, रंग, फाटल्यासारखी दिसणारी कड, आणि भिंत गेल्यावर दिसेल ते घराचं आतलं सामान. हे झालं सोपं काम.

अवघड होता वारा. विमानाच्या लिबर्टी इंजिनांवर चालणारे 6 प्रचंड पंखे लावले होते. वादळ पुढेही दिसायला हवं आणि मागेही, पण पडणाऱ्या भिंतीला झोत लागता कामा नये. लागला तर भिंत पिळवटते, पिळवटली की खिडकी चार इंच बाजूला पडते, आणि इथे तर मोकळी जागाच 2 इंचांची. म्हणून पंख्यांची तोंडं लावण्यातच खरी कसोटी होती. एकच टेक झाला. कॅमेरा लांब, स्थिर, भिंत आणि माणूस दोन्ही एकाच चौकटीत. मधे एक जरी कट असता तरी शंभर वर्षांनी कुणी ती रील फिरवली नसती.

हा गॅग, म्हणजे हशा पिकवणारी युक्ती, तो असलेल्या सिनेमांमध्ये तिसऱ्यांदा आला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. 1919च्या 'बॅक स्टेज'मध्ये रंगमंचावरचा हलका पडदा, 1920च्या 'वन वीक'मध्ये घराची भिंत, आणि मग ही. दरवेळी वजन वाढवत नेलं. आणखी एक गंमत म्हणजे मूळ बेत वादळाचा नव्हताच, पुराचा होता. 1927मध्ये मिसिसिपीला महापूर आला, माणसं गेली, तेव्हा पुरावर विनोद नको म्हणून शेवट बदलावा लागला.

हे अंगात आलं कुठून? जन्म 4 ऑक्टोबर 1895, कॅन्ससमधलं पिक्वा गाव. आईबाप फिरत्या व्हॉडव्हिल कंपन्यांमधले, म्हणजे नाच-गाणी-नकलांचे खेळ करणारे. पोरगं चालायला लागलं तसं बापाने खेळात घेतलं: स्टेजवर फेकायचं, पडद्यांवर आदळायचं, कधी वादकांच्या खड्ड्यात टाकायचं. धरून फेकायला सोपं जावं म्हणून कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवली होती. बालसंरक्षणवाले मागे लागले होते, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. पण त्या वयात त्याला दोन गोष्टी कळल्या. पडायचं कसं, आणि आपटल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक हसत नाहीत. पुढे जगभर गाजलेला तो दगडी चेहरा म्हणजे धंद्यातलं निरीक्षण आहे, स्वभावातलं दुःखबिःख नव्हे.

1917मध्ये न्यूयॉर्कला विनोदी नट रॉस्को आर्बकलच्या सिनेमाच्या सेटवर गेला आणि स्टेजचं आठवड्याला 250 डॉलरचं काम सोडून 40 डॉलरवर तिथेच राहिला. पहिलं कुतूहल कॅमेऱ्याचं: आत चाकं किती, फिल्म सरकते कशी. त्याचं फळ 1921च्या 'द प्लेहाउस'मध्ये दिसतं. एकाच चौकटीत 9 कीटन! लेन्सपुढे झडपांची पेटी. एक झडप उघडायची, फिल्मचा तेवढाच पट्टा चित्रित करायचा, फिल्म मागे गुंडाळायची, पुढची झडप. असं 9 वेळा. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचा, म्हणजे नऊही वेळा कॅमेरामन एल्जिन लेस्लीच्या हाताचा वेग अगदी सारखा हवा. एकदा हात ढिला पडला की आधीचे सगळे पट्टे वाया. कीटन श्रेय देताना लेस्लीचं नाव घ्यायचा, ते उगाच नाही.

माझा आवडता किस्सा मात्र 'द नॅव्हिगेटर'चा (1924). पाण्याखालचं दृश्य हवं होतं. रिव्हरसाइडच्या पोहण्याच्या तलावाच्या भिंती वाढवून खोली केली, तर वाढलेल्या पाण्याच्या वजनाने तलावाचा तळच गेला. मग सगळा लवाजमा ताहो सरोवरावर. पाणी काचेसारखं, पण बर्फगार. दोन कॅमेरे आणि दोन कॅमेरामन मावतील अशी लाकडी पेटी केली, वर चढायला लोखंडी नळकांडं आणि शिडी. लाकूड तरंगणार, म्हणून सुमारे 1000 पौंड वजन बांधलं. पेटी बुडाली, पण काचेवर धुकं! आत ऊब, बाहेर गारठा, दुसरं काय होणार. उपाय असा: एक तापमापक आत, एक बाहेर, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत आदल्या रात्रीपासून पेटीत बर्फ भरायचा. कॅमेरामन बर्फात बसून काम करायचे. पाणबुड्याच्या पोशाखात कीटन एका वेळी अर्ध्या तासाच्या वर टिकत नसे, अंग बधिर व्हायचं. पडद्यावर हे सगळं जेमतेम काही मिनिटं.

हिशेब चुकायचाही. 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये (1924) तो मालगाडीच्या टपावरून धावत येऊन पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळतो. पाण्याचा लोंढा अंदाजापेक्षा कितीतरी जोरात आला आणि त्याची मान रुळावर आपटली. डोकेदुखी काढत काम सुरू ठेवलं. बऱ्याच वर्षांनी एक्स-रे काढताना डॉक्टरने विचारलं, मान कधी मोडली होती? तो शॉट सिनेमात आहे. आपटून उठतो आणि पळत सुटतो, नीट बघा.

'द जनरल' (1926) ओरेगॉनमधल्या कॉटेज ग्रोव्हला झाला. इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर तो खिन्न बसलेला असतो आणि इंजिन सुरू होतं. दिसायला साधं. पण वाफ जरा जास्त सुटली तर चाकं जागच्या जागी गरगरतात आणि दांड्यावरचा माणूस जिवंत राहत नाही. ड्रायव्हरने चार-पाच वेळा करून बघितलं, त्याची खात्री पटली, मगच कीटन बसला. तोफेचा गोळा जवळच पडायला हवा होता, तर दारू अक्षरशः कण मोजून भरली. 23 जुलै 1926ला खरं इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं. त्या एका शॉटचा खर्च 42,000 डॉलर, मूकपटांच्या काळातला सगळ्यात महागडा शॉट म्हणून तो ओळखला जातो. इंजिन दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा होईपर्यंत तिथेच पडून होतं. सिनेमा मात्र चालला नाही.

आता मुद्द्याचं. "बोलपट आले आणि कीटन संपला" हे वाक्य इतक्यांदा लिहिलं गेलंय की खरं वाटू लागतं. स्टेजवर वाढलेल्या माणसाला बोलण्याची कसली भीती? एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओतल्या त्याच्या बोलपटांनी तर त्याच्या मूकपटांपेक्षा जास्त पैसा कमावला. संपलं ते वेगळंच. त्याआधी त्याच्या स्वतःच्या युनिटमध्ये लिहिलेली पटकथा नसायची. सुरुवात आणि शेवट ठरला की कामाला लागायचं, मधलं सापडत जायचं. सुतार, कॅमेरामन, गॅगवाले वर्षभर पगारावर. अडलं की बेसबॉल खेळायचा. प्रेक्षकांना दाखवून बघायचं आणि परत जाऊन चित्रित करायचं. 'सेव्हन चान्सेस'च्या चाचणी खेळात तो उतारावरून पळताना दोन-तीन दगड चुकून घरंगळले आणि थिएटर हसलं. झालं, लहानमोठे नकली दगड बनवून अख्खा नवा पाठलाग उभा केला.

1928मध्ये निर्माता जोसेफ शेंकच्या सांगण्यावरून तो एमजीएममध्ये गेला. चॅप्लिन आणि हॅरोल्ड लॉइड दोघांनी नको म्हटलं होतं. तिथे सगळं आधी कागदावर, दहा जणांच्या सहीने, आणि हिरोने स्टंट करायचे नाहीत. मोजायला वेळच नाही म्हटल्यावर उरलं काय? 'द कॅमेरामन' कसाबसा त्याच्या हातचा झाला, पुढे उतरण. दारू होती, 1932ला घटस्फोट झाला, 1933च्या सुरुवातीला स्टुडिओने काढलं. सगळा दोष स्टुडिओवर टाकणंही खरं नाही. तरी त्याच एमजीएमने नंतर त्याला आठवड्याला 100 डॉलरवर दुसऱ्यांचे गॅग सुचवायला ठेवलं, हे वाचून पोटात कालवतंच.

1940ला एलिनॉर नॉरिसशी लग्न झालं आणि घडी बसली. पॅरिसची सर्कस, टीव्ही, जाहिराती, 1952च्या 'लाइमलाइट'मध्ये चॅप्लिनबरोबर एक प्रवेश, मग मानद ऑस्कर. त्याची ओळख बनलेली चपटी टोपी शेवटपर्यंत तीच, घरी बनवलेली. चांगली स्टेटसन (काउबॉय घालतात तसली हॅट) घेऊन कापायची, कपभर कोमट पाण्यात साखरेचे 3 शिगोशीग चमचे विरघळवायचे, कड दोन्ही बाजूंनी भिजवून सपाट पृष्ठभागावर दाबायची, कडक वाळू द्यायची.

पहिल्यांदा बघणाऱ्यांनी 'वन वीक'पासून सुरुवात करा, वीसेक मिनिटांचा आहे. फार पळापळ दिसली तर प्रत चुकीच्या वेगाची आहे, दुसरी शोधा. आणि सगळ्यात शेवटी 'द रेलरॉडर' बघा. 1964मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म बोर्डासाठी केलेला, रेल्वेच्या रुळांवर छोट्या मोटारट्रॉलीवरून देशभराचा प्रवास. त्याच्या चित्रीकरणावरचा माहितीपटही मिळतो. त्यात उंच पुलावरून जाताना मोठ्या नकाशात गुरफटून जाण्याच्या गॅगवरून वाद आहे. दिग्दर्शकाला काळजी, कारण पुलाला कठडा नाही आणि माणूस 69 वर्षांचा. कीटन चिडतो, यात धोका तो काय म्हणतो. मग ट्रॉलीवर चढतो आणि डोळ्यांसमोर नकाशा धरून पूल पार करतो.