नायिकेला नाव देऊ नका

मराठवाड्याच्या बाईवर कादंबरी लिहायचं किंवा सिनेमा काढायचं तुमच्या मनात आहे असं कळलं. उत्तम. विषयाला मागणी आहे. महोत्सव, पुरस्कार, परिसंवाद, जमलंच तर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात एखादा धडा, सगळं मिळण्यासारखं आहे. फक्त बाई नीट बसवता आली पाहिजे. या धंद्यात केस पिकलेला माणूस म्हणून चार गोष्टी सांगतो.

सुरुवात मे महिन्यात करा. सप्टेंबरात इकडे कंबरेइतकं सोयाबीन उभं असतं आणि त्या हिरव्या रानात तुमच्या नायिकेचं दुःख उठून दिसत नाही. भेगाळलेली जमीन, डोक्यावर घागर, मागून बासरी, एवढ्यावर पहिली दहा मिनिटं निघतात. घागर नेणारी बाई एकटी पाहिजे आणि गप्प पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात शहरातल्या पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी होती. जमावबंदी काही गप्प बसलेल्या माणसांवर लावत नाहीत. पण टँकरवाल्याच्या सात पिढ्या उद्धारणारी, नंबर मोडणाऱ्याची कळशी भिरकावून देणारी बाई घेतलीत, तर बासरी कुठं घालणार?

भाषेची काळजी नको. सातारा-कोल्हापूर वळणाची तयार गावरान बोली बाजारात मिळते, तीच वापरा. 'काय करायलीस', 'कुठं जायलीस' असलं बीड-परभणीकडचं बोलणं पुण्यातल्या प्रेक्षकाला चुकीचं मराठी वाटतं. शिवाय तुमच्या नायिकेला बोलायचंच किती आहे? 'धनी' आणि 'माझं नशीब' एवढं उच्चारता आलं की झालं.

दोन बायका एकत्र आल्या तर सांभाळा. अॅलिसन बेक्डेल या अमेरिकी चित्रकर्तीनं १९८५ साली आपल्या व्यंगचित्रमालिकेत एका पात्राच्या तोंडून सिनेमा पाहण्याची अट घातली होती: त्यात निदान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि बोलणं पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी असावं. असल्या अटी मानत बसलात तर खुरपणीचा प्रसंग हाताबाहेर जाईल. तुरीच्या ओळीत बसलेल्या दहा बाया सकाळपासून बोलत असतात: बचत गटाचा हप्ता, गुडघा, कापूस वेचणीचा भाव, कुणाच्या पोरीचा नीटचा निकाल, सरपंचाच्या नव्या गाडीचा रंग. मधेच अशी चावट कोटी येते की खुरपं बाजूला ठेवून हसावं लागतं. हे सगळं कापा. बाई हसली की तिचं दुःख खोटं वाटतं, असं आपल्याकडच्या परीक्षकांचं मत आहे.

ऊसतोड घ्याच. आता तिच्याशिवाय मराठवाडा पुरा होत नाही. मात्र जरा लांबूनच घ्या. जवळ गेलात तर हिशेब लागतो. दिवाळीच्या सुमारास जोडपी कारखान्याला निघतात, त्याआधी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला, आणि ती बोलून घेणारा नवरा. म्हणजे कागदावर ही बाई अर्धा कोयता, तोही बिननावाचा. पहाटे उठून कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, भाकरी थापणार, दिवसभर तोडणार, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणार आणि हिशेबाच्या दिवशी मागे उभी राहणार. तुमच्यासाठी ही केवढी सोय! मुकादमाच्या वहीत तिचं नाव नाही, तुमच्या संहितेत तरी का असावं? 'ती' म्हणा. 'ती' म्हटलं की समीक्षकाला ती एकदम समस्त स्त्रीजात वाटते.

२०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. हा आकडा तुम्ही शेवटच्या पाटीवर टाकालच, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत. टाका. पण पाळीच्या दिवसांतही उसात उभं राहावं लागतं, फडावर धड आडोसा नसतो, एक खाडा पडला तर दंड कापला जातो, तो दंड उचलीत चढतो आणि म्हणून पुढच्या हंगामालाही जावं लागतं, या साखळीत शिरू नका. तिथं साखर येते, कारखाना येतो, कारखान्याचा अध्यक्ष येतो आणि तुमच्या सिनेमाचा प्रीमियरही तोच लावणार असतो. त्यापेक्षा एक लोभी डॉक्टर घ्या. चष्मा लावलेला, दात पुढे आलेले. शेवटाला त्याच्या कानाखाली वाजवली की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो.

शेतकऱ्याची विधवा दुसऱ्या क्रमांकावर आहे. तिच्यासाठी झाड, दोर आणि उलटी पडलेली चप्पल लागते. त्यापुढचं लिहू नका. पात्र ठरली तर सरकारकडून एक लाख मिळतात, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पात्र ठरायला सातबारा, कर्जाचा कागद, पंचनामा. मग दिराशी वाटणीचं भांडण, तलाठ्याकडे खेपा, फेरफाराला नाव लावणं. ही बाई सहा महिन्यांत कुठल्याही वकिलाला महसूल कायदा शिकवू शकते. पण तहसीलच्या पायरीवर पिशवीत कागद सांभाळत बसलेली बाई कॅमेऱ्याला कंटाळवाणी दिसते, झाडाखाली मोकळे केस सोडलेली बरी. केस मोकळे सोडून तलाठ्याकडे कुणी जात नाही, हा भाग वेगळा.

परंपरेची साक्ष हवी असेल तर आपल्याकडे तीही आहे. फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा पहिला सिनेमा काढला तेव्हा त्यातली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केली. चार वर्षांनी त्याच साळुंक्यांनी एकाच चित्रपटात राम आणि सीता दोघंही केले. सीतेला रामाच्या मनासारखं वागवायचं तर याहून पक्का उपाय नाही. त्यानंतर बायका पडद्यावर आल्या खऱ्या, पण त्यांच्या तोंडचं वाक्य लिहायची साळुंकेगिरी चालूच आहे. तुम्हीही निर्धास्त लिहा.

संतांमधली बाई हवी असेल तर गंगाखेडची जनाबाई जवळच आहे. जात्यावरची, विठ्ठलानं दळू लागलेली जनी घ्या. पदर खांद्यावर टाकून भर बाजारात जाईन म्हणणारी जनीही तीच, पण ती अभंगात राहू द्या. जात्यावरून आठवलं: हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात आपल्या माजलगावच्याही आहेत. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, बाबासाहेबांबद्दल, आपल्या जन्माबद्दल बायकांनीच रचलेलं. वाचू नका. वाचलंत तर तुमच्या पहिल्या प्रकरणाची गरज उरणार नाही.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा विषय कुणी सुचवला तर जपून. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके निजामाच्या बाजूच्या रझाकारांविरुद्ध उतरल्या होत्या. अशा बाईवर सिनेमा काढायचा तर ती कुणाच्या प्रेरणेनं लढली हे आधी ठरवावं लागतं, आणि आपल्याच प्रेरणेनं लढली असं निघालं तर नायकाला काम उरत नाही.

पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावणाऱ्या पोरी दिसतील. कॅमेरा झाका. एसटीत तिकीट फाडणारी, आशा आरोग्यसेविका म्हणून घरोघर फिरून वर मोर्चाला जाणारी, यांनाही. यांच्यावर दया करता येत नाही आणि मराठवाड्याच्या बाईवर दया न करता दोन तास काढायची आपल्याला सवय नाही.

शहरी नायिका तेवढी पुण्याची घ्या. तिचे केस कापा, तिला एकटीला गोव्याला पाठवा. स्वातंत्र्य तिथं मिळतं.

कवी असाल तर प्रश्नच मिटला. 'माय' लिहा. इकडच्या कुठल्याही कविसंमेलनात मायच्या कवितेला वन्स मोअर मिळतो. तुम्ही डोळे पुसत वाचाल तेव्हा घरी पाहुण्या कवींसाठी तिसरा घाणा तळणारी बाई तुमच्या पोराची मायच असते, पण तिच्यावर तुमचा मुलगा लिहील. इतर मानाची घाई नको. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर २०२५ च्या दिल्लीतल्या ९८व्या संमेलनापर्यंत सहा बायका आल्या. म्हणजे रांग तुमच्याच बाजूनं सरकते आहे.

शेवटची सूचना खेळाबद्दल. गावात पडदा लावाल तेव्हा पहिल्या रांगेत पुढारी बसवा, बाया मागे. तरी खेळ संपल्यावर एखादी उभी राहतेच. "ओ भाऊ, ही बाई दोन तासांत एकदाबी हिशेबाचं बोलली नाही. हिला उचल किती दिलती? अन् तुमाला किती भेटली?"

तिला लगेच शाल-श्रीफळ द्या, फोटो काढा आणि पुढाऱ्यांना दोन शब्द बोलायची विनंती करा. ते पाऊण तास घेतात.