टॅव्हर्नात काम मिळतं म्हणे

ड्रॅगन चालवणं सोपं आहे हो. आग ओकतो, शेपूट आपटतो, चार वेळा फासे टाकले की विषय संपला. माझा जीव जातो तो टॅव्हर्नात. बेळगावातल्या आमच्या टिळकवाडीच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या ग्रुपचा मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगायची मी, राक्षस मी, राजा मी, टॅव्हर्नचा मालक पण मीच आणि बाकीच्या चौघांनी फक्त पराक्रम करायचा. पण त्यासाठी आधी टॅव्हर्नातनं उठायला पाहिजे ना, ते उठतच नाहीत.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी अमेरिकेत १९७४ साली काढला. त्यातल्या कितीतरी मोहिमा टॅव्हर्नातच सुरू होतात, म्हणजे रस्त्यावरचं दारूचं दुकान, वर झोपायच्या खोल्या, भिंतीवर कामाच्या नोटिसा आणि कोपऱ्यात हूड ओढून बसलेला एक माणूस, जो तुम्हाला जवळ बोलवून हळूच म्हणतो, एक काम आहे. सोय म्हणून हे झकास आहे, कारण एक एल्फ, एक बुटका, एक चोर आणि एक पुजारी एरवी भेटणार कुठं, एका लग्नाला तर जाणार नाहीत.

अडचण एवढीच की आमच्याकडे असं कुणी कुणाला काम देत नाही.

मी आवाज घोगरा करून म्हटलं, "कोपऱ्यातला माणूस तुम्हाला खुणावतो." झालं. आमचा एकजण उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो, खेळात तो बुटका योद्धा, त्यानं विचारलं, "कुणाचा म्हणे हा?"

"अनोळखी आहे."

"अनोळखी कसा असंल? गाव कुठलं त्याचं? पाठवलं कुणी?"

आता त्या बिचाऱ्या हूडवाल्याला मी गावच दिलं नव्हतं. ड्रॅगन आहे हे या लोकांनी एका सेकंदात मान्य केलं, जादू मान्य केली, पण ओळखीपाळखीशिवाय कोण तरी येतो, आपणहून पाजतो आणि वर सोनं देतो म्हणतो हे काय त्यांना पटेना. खानापूरकर म्हणाला, हा भिशीवाला असणार. बँकेतला म्हणाला, नाही, हा परदेशात नोकरी लावतो म्हणून पासपोर्ट काढून घेणाऱ्यातला दिसतोय. वकील (हा खेळात चोर आहे, आम्ही काही बोललो नाही) म्हणाला, स्टॅम्प पेपर आणलाय काय विचार.

मग रेट. पाचव्या आवृत्तीच्या रूलबुकात मजुरी छापलीय, साध्या गड्याला दिवसाला २ चांदीची नाणी, कसबी माणसाला २ सोन्याची. हे मी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच शोधून काढलं. एका सोन्याच्या दहा चांदी, एका चांदीचे दहा तांबे, एलचा, म्हणजे बियरचा, मग ४ तांब्याला. फॅब्रिकेशनवाल्यानं मोबाईलवर हिशोब केला आणि म्हणाला, "हेल्परच्या रोजात पाच मग बसतात, वाईट नाही की." आणि मग हूडवाल्याकडं वळून, म्हणजे माझ्याकडं वळून, "ड्रॅगन रोजावर मारायचा की उक्ता? उक्ता असंल तर निम्मा ॲडव्हान्स, आणि गुहेपर्यंतचं भाडं वेगळं."

मी म्हटलं बरं, हूडवाला मरू दे, भिंतीवरची नोटीस वाचा. तर वकील विचारतो कुठल्या भाषेत आहे. मी म्हटलं कॉमनमध्ये, त्या जगात सगळ्यांना येते ती भाषा. यावर चौघं एकदम गप्प झाले, बेळगावात राहणाऱ्या माणसाला याच्याएवढी मोठी फँटसी कुणी ऐकवली नसेल. मग खानापूरकर म्हणाला, "फलकावर साठ टक्के वरच्या बाजूला काय आहे ते आधी सांग, नायतर दुकान बंद करतील." कर्नाटकात २०२४ ला तो साठ टक्के कन्नडचा कायदा झाल्यापासून आमच्याकडं प्रत्येक पाटी लोक फूटपट्टी लावल्यासारखी बघतात. अर्धा तास त्यातच गेला.

गायगॅक्सनं स्वतः एक मोहीम लिहिलीय, द कीप ऑन द बॉर्डरलँड्स, सीमेवरचा किल्ला. नाव वाचूनच मी म्हटलं ही आपलीच. त्यात अफवांचा तक्ता आहे, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि येईल तो आकडा ती अफवा तुमची, त्यातल्या काही खऱ्या, काही साफ खोट्या, आणि कुठली कसली ते खेळणाऱ्याला कळत नाही. मला वाटलं आता तरी हे लोक गुहेकडं पळतील. कसलं काय. २००४ पासून सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तेव्हापासून पुढच्या तारखेला निकाल लागतोय हे प्रत्येक टपरीवर ऐकत वाढलेली ही माणसं. अफवा ऐकून कुणी जागचं हलत नाही इथं, फार तर अजून एक कट चहा मागवतात.

मग म्हटलं यांना नावाजलेली टॅव्हर्नं दाखवू. ड्रॅगनलान्स म्हणून या खेळातलं एक जग आहे, त्यातल्या सोलेस गावात भल्यामोठ्या झाडावर बांधलेलं इन ऑफ द लास्ट होम आहे, तिथला ओटिक मसालेदार बटाटे करतो, सगळ्या जगात नाव आहे त्याचं. "पुरीबरोबर देतो काय?" एवढंच विचारलं गेलं. खेळातल्याच वॉटरडीप शहरात यॉनिंग पोर्टल नावाचं टॅव्हर्न आहे, त्याच्या मधोमध प्रचंड विहीर, खाली अंडरमाउंटनचं भुयार, मालक डर्नन उतरायचं एक सोन्याचं नाणं घेतो आणि परत वर यायचं पण एक. यावर मात्र माणसं पेटली! जाता-येता मिळून चौघांचे आठ, ग्रुपला काही कमी करणार काय, वर न आलेल्याचा रिफंड कुणाला. डर्नन झालो म्हणून मला घाम फुटला, पण विहिरीत एकही उतरला नाही.

शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं की खऱ्या बारमध्ये बसून खेळू, वातावरण तयार होईल. जुलैचा पाऊस, रस्त्यावर गुडघाभर पाणी, आम्ही एका बार अँड रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर नकाशा पसरला आणि रंगीत फासे बाहेर काढले. मॅनेजर धावतच आला. "इथं जुगार चालत नाही, उठा." वकिलानं समजावलं, अण्णा पैसे लावलेले नाहीत, आम्ही ड्रॅगन मारायला चाललोय. मॅनेजरनं आमच्या बाटल्या मोजल्या. पण एकच उघडलेली होती, त्यामुळं त्याला अजूनच संशय आला.

हे चाललेलं असताना पलीकडच्या टेबलावरचा माणूस उठून आला, विंडचीटरची टोपी कपाळापर्यंत ओढलेली, थेंब गळतायत. वाकून म्हणाला, "तुमच्यात फॅब्रिकेशनचं कुणी आहे असं ऐकू आलं. एक काम होतं."

मी श्वास रोखून बघत बसलो.

"काका, गाव कुठलं तुमचं?" आमचा बुटका योद्धा. गाव नंदगडच्या पुढं निघालं. मग खानापूरकराचा मावसभाऊ त्यांच्या मेव्हण्याच्या वर्गात होता हे निघालं, मग खुर्ची ओढली गेली, गेटची मापं माझ्या नकाशाच्या मागं लिहिली गेली, गुहेच्या तोंडावर बरोबर एक स्लायडिंग गेट आलं, आणि पाच मिनिटांत ॲडव्हान्स खिशात. उक्तं, भाडं वेगळं.

फासे परत डब्यात. मॅनेजर मात्र हलेना, नकाशावर बोट ठेवून हे काय ते काय विचारत राहिला, म्हणून मी त्याला डर्ननची विहीर सांगितली, उतरायचं एक नाणं, चढायचं एक. त्यानं जिन्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हळू बोला सर," म्हणाला, "आमचा मालक काउंटरवरच बसलाय, ऐकलं तर उद्यापासून जिन्याचे पैसे लावेल."