रस्त्याखालची मोरी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नियोजित नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गावरून पुन्हा जुंपली. गारगोटीजवळ आमची थोडी ऊसशेती आहे. थोरल्या चुलतभावाचं, दादाचं म्हणणं, पैसा येईल आणि जाईल, गेलेली काळी जमीन काही परत यायची नाही. धाकटा पुण्यात नोकरीला. रस्त्याशिवाय गावाकडं काही येणार नाही, असं त्याला मनापासून वाटतं. मी लिहिलं, "रस्ता झालाच, तर जनावरांना खालनं जायला वाट कुठं ठेवणार, हे कुणी विचारलंय का?" दादाचं उत्तर आलं, "तू टेक्सासात बसलीयास. हितं माणसांचं काय व्हायचं ते कळंना, आणि तुला जनावरांचं पडलंय."

त्याचा राग मला समजतो. जमिनीबद्दल तर मी त्याच्याच बाजूची आहे. पण मी राहते तिथं हाच प्रश्न चाळीस-पन्नास वर्षं उशिरा विचारला गेला, आणि त्याची किंमत रोज डोळ्यांसमोर दिसते.

मी टेक्सासच्या पार दक्षिण टोकाला, हार्लिंजेनमध्ये राहते. आले तेव्हा गावाबाहेर ऊस बघून भरून आलं होतं. तोडणीआधी फड पेटवला की काजळी अंगणापर्यंत यायची. सांता रोझाचा कारखाना, टेक्सासातला शेवटचा, 2024 मध्ये पाण्याअभावी बंद पडला. त्या ऊस-कापसाच्या जागी आधी काय होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. दाट काटेरी झुडपांचं रान. रिओ ग्रांदे नदीच्या या खोऱ्यातलं 95 टक्क्यांहून जास्त रान शेतीसाठी आणि वस्तीसाठी साफ झालं.

त्या रानातला जीव म्हणजे ऑसेलॉट हे रानमांजर. घरच्या मांजराच्या दुप्पट-तिप्पट, अंगावर साखळीसारखे ठिपके, रात्री हिंडणारा. खाली दक्षिण अमेरिकेत तो बऱ्यापैकी टिकून आहे, पण अमेरिकेत जेमतेम शंभर उरले असतील, आणि पिल्लं होतात ती याच कोपऱ्यात. किंग्जव्हिलच्या विद्यापीठातले संशोधक कित्येक वर्षं त्यांच्या मागावर आहेत. कॅमेऱ्यातल्या फोटोवरून एकेक जनावर ओळखतात, कारण प्रत्येकाची ठिपक्यांची नक्षी वेगळी. पकडून रेडिओ पट्टा बांधतात, रक्त तपासतात, मेलेलं सापडलं तर तेही तपासतात. यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. ज्यांच्या मरणाचं कारण कळलं, त्यांतले सगळ्यात जास्त गाडीखाली गेलेले. आणि उरलेले दोन ठिकाणी अडकलेत: लागुना अटास्कोसाच्या अभयारण्यात, आणि उत्तरेकडच्या खाजगी रँचवर. मधे शेतं आणि रस्ते. एकमेकांकडं जाता येत नाही, म्हणून आपसातच वीण होते आणि रक्त कमकुवत होत जातं. मादीला एका वेळी बहुधा एक किंवा दोनच पिल्लं. वयात आलेला नर नवी जागा शोधायला बाहेर पडतो, आणि रस्त्यावर संपतो.

इथल्या एका राज्यमार्गावर माणसांचे अपघात टळावेत म्हणून काँक्रीटचा दुभाजक घातला होता. रात्री रस्ता ओलांडणाऱ्या जनावरासाठी ती भिंतच झाली. पुढं त्याच रस्त्याखाली बोगदे काढावे लागले, कडेनं जाळ्या लावाव्या लागल्या. आधीच्या नकाशात हे घेतलं असतं, तर किती सोपं झालं असतं!

मी दहावीला असताना आमच्या फडात तोड चालू होती. एक बाई किंचाळली, "बिबट्याची पिल्लं!" पाचटात दोन गोळे, मुठीएवढे, कपाळावर पट्टे, अंगावर तांबूस ठिपके. आबा वाकून म्हणाले, "बिबट्या न्हवं, वाघाटी हाय. हात लावू नका, दोन सऱ्या ठेवा." सकाळी जागा रिकामी. त्यांच्या आईनं रात्रीत उचलून नेली होती. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. मोठी झाली तरी दीड किलोच्या आसपास. कायद्यानं तिला वाघाएवढंच संरक्षण आहे, पण आपल्या तालुक्यात किती आहेत, रस्त्यावर किती मरतात, कुणाला विचारणार?

ताडोबातून 2025 मध्ये सह्याद्रीतल्या चांदोलीच्या जंगलात वाघीण आणली, तेव्हा मलाही आनंद झाला. पण चांदोलीहून राधानगरीच्या अभयारण्याकडं येणाऱ्या जनावराला आंबा-मलकापूरच्या पट्ट्यात कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता आडवा येतो, आणि त्याचं रुंदीकरण झालं की तो आणखी आडवा येणार. यावर उपाय शोधायला परदेशात यायची गरज नाही. पेंचच्या वाघांच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर नऊ ठिकाणी खालून वाट ठेवली आहे, आणि तिथून वाघसुद्धा जातात, हे कॅमेऱ्यांत दिसलंय. विदर्भात जमलं, तर आपल्याकडं का नको?

इथली आणखी एक गोष्ट मला गावाकडं न्यावीशी वाटते. ऑसेलॉट बहुतेक खाजगी जमिनीवर आहेत, आणि मालकांना भीती असायची की जनावर सापडलं की सरकार जमिनीवर बंधनं आणणार. म्हणून आता मालकाशी करार होतात: तू त्याला जागा दे, तुझ्यावर नवा बोजा येणार नाही. आपला शेतकरीही याच भीतीनं गप्प बसतो. वाघाटी दिसली म्हणून सांगितलं, तर पंचनामा, चकरा, तोड थांबायची. त्याला आधी लेखी भरवसा द्या, मग तोच माहिती देईल. इथं शेवटच्या शंभरांसाठी जीव टाकतात. आपल्याकडं अजून उसाच्या सरीत पिल्लं होतात, आणि "दोन सऱ्या ठेवा" म्हणणारी माणसंही आहेत.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दोन दिवस दादा काही बोलला नाही. मग त्यानं आमच्या शेताजवळच्या ओढ्यावरच्या रस्त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "तीन फुटी नळ टाकल्यात. पाणी तुंबलेलं असतंय. कोल्हं वरनंच जात्यात." मी त्याला आणखी दोन मोऱ्यांचं माप घ्यायला सांगितलंय.